दादांनी मिळवलेला स्टे

फोन आला तेव्हा मी उल्हासनगरच्या कोर्टात पुकारा व्हायची वाट बघत उभी होते. रेखाचा नंबर दिसला म्हणून व्हरांड्यात आले. रेखा घरी बसून जीन्स शिवते, त्यामुळे तिच्या फोनमागे नेहमी मशीनची घरघर असते. त्या दिवशी मागे काहीच नव्हतं. "मॅडम, साहेब उठत नाहीयेत," ती म्हणाली. "चहा घेऊन गेले तर... हात गार लागला." मी विचारलं, "डॉक्टरांना बोलावलंस का?" ती म्हणाली, "येऊन गेले. मॅडम, साहेब गेले." तेवढ्यात आतून माझ्या दाव्याचा पुकारा झाला. मी आत गेले आणि पुढची तारीख मागितली. न्यायाधीशांनी कारण विचारलं. तेवीस वर्षं मी त्या खोलीत उभी राहून बोलते आहे, पण मला एक साधं वाक्य सापडेना. शेवटी समोरच्या पक्षाच्या वकिलांनीच माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि "आमची हरकत नाही" म्हणून सांगितलं.

रेखाचे साहेब म्हणजे माझे सीनियर वकील, दादा. ते ज्या खोलीत गेले ती त्यांची नव्हती. रेखाही त्यांची नात्याची कुणी नव्हती. महापालिकेने 'अतिधोकादायक, तात्काळ रिकामी करावी' असं लाल अक्षरांत लिहून ठेवलेल्या चार मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या एका रिकाम्या खोलीत, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे माजी आमदार झोपेत गेले. पेपरात दोन ओळी आल्या. धोकादायक इमारतीत मृत्यू, असं वाचून पुष्कळांना वाटलं की इमारत पडली. इमारत पडली नाही. ती अजून उभी आहे, आणि मला लिहायला बसावं लागलं ते त्याचमुळे. ते तिथे का राहायला गेले होते, हे मला दीड महिन्यात इतक्या जणांनी विचारलंय की एकदा सगळं सांगून टाकावं असं वाटतं.

दादा, म्हणजे ॲडव्होकेट दामोदर, मूळचे अंबरनाथजवळच्या मोरिवलीचे. आगरी शेतकऱ्याचं घर. कारखाने आले तेव्हा भातशेती गेली आणि वडील एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन झाले. जमिनीच्या कागदांवर वडिलांनी अंगठा दिला तेव्हा दादा सातवीत होते, बरोबर गेले होते. कारकून कागद भराभर वाचत होता आणि वडील मान डोलवत होते. बाहेर आल्यावर वडिलांनी विचारलं, "काय रं, काय बोलला तो? तुना तरी समजला का?" दादांना सांगता आलं नाही. पुढे दिवसा नोकरी करून, संध्याकाळच्या कॉलेजात जाऊन ते गावातले पहिले वकील झाले, पण ती गोष्ट सांगताना साठीतसुद्धा त्यांचा चेहरा सातवीतल्या पोरासारखा पडायचा.

त्यातूनच त्यांची एक पद्धत ठरली होती. कोर्टात द्यायचा प्रत्येक कागद आधी पक्षकाराला मोठ्याने वाचून दाखवायचा, त्याच्या भाषेत, त्याला समजेपर्यंत. मी त्यांच्याकडे ज्युनियर म्हणून लागले तेव्हा माझ्या इंग्रजीचा मला फार तोरा होता. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, वडील अंबरनाथला कारखान्यात फिटर, आणि घरात मीच पहिली शिकलेली. मी लिहिलेला पहिला दावा दादांनी मला एका भाजीवाल्या मावशींना वाचून दाखवायला लावला. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि अदबीने विचारलं, "हे कुणाबद्दल हाय, ताई?" दादांनी कोरे कागद माझ्याकडे सरकवले. मी तो दावा चार वेळा लिहिला. सिंधी पक्षकार आले की दादा मोडक्यातोडक्या सिंधीत सुरू व्हायचे, ते हसायचे, चुका दुरुस्त करायचे आणि मग मोकळेपणाने बोलायला लागायचे. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या, म्हणजे फाळणीनंतर वसलेल्या सिंधी वस्तीतल्या, म्हाताऱ्या बायका त्यांना आदराने 'वकील साईं' म्हणत.

ते एकदाच आमदार झाले, माझ्या आधीच्या काळात. त्या पाच वर्षांतली एकच गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत. त्यांनी स्वतः, मराठीत, तीन कलमांचं एक अशासकीय विधेयक लिहिलं होतं. राहत्या घरातून माणसाला बाहेर काढायचं असेल, मग कारण काहीही असो, तर आधी त्याला राहायला जागा दाखवली पाहिजे. एवढंच. शुक्रवारी दुपारी, सभागृह निम्मं रिकामं असताना ते त्यावर बोलले. मंत्री उठले, सदस्यांच्या कळकळीचं कौतुक केलं, सरकार स्वतःच याहून व्यापक कायदा आणणार आहे असं आश्वासन दिलं आणि विधेयक मागे घ्यायची विनंती केली. बाकं वाजली. दादांनी विधेयक मागे घेतलं. "मना वाटला, आपला काम झाला," ते सांगत. पुढच्या निवडणुकीत पडले, आणि निकालानंतरच्या सोमवारी काळा कोट घालून पुन्हा कोर्टात हजर. याचं त्यांना कधी दुःख नव्हतं. आश्वासनाचं काय झालं, एवढंच ते अधूनमधून पत्र लिहून विचारत राहिले.

आता त्या स्टेबद्दल. त्या दाव्यावर माझीही सही आहे.

आठ वर्षांपूर्वी कॅम्पातल्या एका इमारतीला महापालिकेची नोटीस आली. तीन दिवसांत घरं रिकामी करा. बारा कुटुंबं. इमारतीचं नाव मी लिहीत नाही, तिथली माणसं अजून आजूबाजूला राहतात. वादी क्रमांक एक होत्या कमला आंटी. विधवा, घरी पापड लाटून मुलाला मोठं केलेली बाई. त्या ऑफिसात आल्या आणि खुर्चीत न बसता उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "वकील साईं, सामान लेके मैं कहां खड़ी रहूं? रोड पे? आप बोलो, मैं उधर खड़ी रहती हूं." दादांनी नोटीस दोनदा वाचली. तपासणी करणाऱ्यांनी इमारत आतून पाहिलीच नव्हती, रहिवाशांचं म्हणणं ऐकलं नव्हतं, पर्यायी जागेचा एक शब्द नव्हता. कायद्याच्या दृष्टीने ती नोटीस फार कच्ची होती. मी दावा लिहिला, दादांनी तो बाराही कुटुंबांना इमारतीच्या जिन्यात बसवून वाचून दाखवला. कोर्टात ते असे बोलले की मागच्या बाकांवरचे वकील आपापलं काम सोडून ऐकत राहिले. स्टे मिळाला. त्या संध्याकाळी आमच्या ऑफिसात पेढ्यांचे इतके बॉक्स आले की ठेवायला टेबल पुरेना. कमला आंटींनी दादांना हार घातला आणि मला जवळ ओढून कपाळावर ओठ टेकवले.

चौदा महिन्यांनी, एका पावसाळी दुपारी, तिसऱ्या मजल्याचा स्लॅब खाली आला. तो दुसऱ्यावर पडला आणि दोन्ही मिळून तळमजल्यापर्यंत गेले. कमला आंटी पापड लाटत होत्या. त्यांची नात रिया ताप होता म्हणून शाळेत गेली नव्हती. इतर माणसं कामावर होती, म्हणून दोघीच गेल्या. दोघीच, असं लोक म्हणत होते, आणि ते ऐकून दादा प्रत्येक वेळी त्या माणसाकडे वळून बघत होते.

आम्ही पोचलो तेव्हा ढिगाऱ्यावर अग्निशमन दलाची माणसं होती. दादा छत्री न उघडता उभे राहिले. कमला आंटींचा मुलगा जीतू सिमेंटच्या चिखलाने माखलेला होता. तो गर्दीतून आमच्याकडे आला. मला वाटलं, तो आता दादांच्या अंगावर हात टाकणार, आणि खरं सांगते, मला ते हवंसं वाटलं. तो खाली वाकला आणि दादांच्या पायांना हात लावून म्हणाला, "साहब, आपने तो हमारे लिए बहुत किया." दादांनी पाय मागे घेतला. विस्तवावर पडावा तसा घेतला. कुणीही त्यांना दोष दिला नाही. जीतूने नाही, शेजाऱ्यांनी नाही, पेपरवाल्यांनीही नाही. चौकशी झाली तेव्हा अहवालात स्टेचा उल्लेख एका ओळीत आला, तारखेसकट, कुणाचंही नाव न घेता. ती ओळ दादांनी पेन्सिलीने अधोरेखित केली होती.

मी त्यांना वकिलाच्या भाषेत समजवायला गेले. नोटीस बेकायदा होती. कोर्टाने सगळं पाहून हुकूम दिला. आपण आपलं काम केलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "मंगल, तिनं मना काय इचारला होता? कुठं उभी राहू, असा इचारला होता. मी तिला सांगितला, इथंच उभी राहा." त्यानंतर मी कधी समजवायला गेले नाही.

त्यानंतर त्यांनी धोकादायक इमारतीच्या एकाही दाव्याला हात लावला नाही. उलटच सुरू केलं. महापालिकेची यादी घेऊन इमारतीमागून इमारती चढायला लागले. सत्तरी उलटलेला, गुडघे गेलेला माणूस. दार वाजवायचे आणि सांगायचे, निघा. लोक त्यांना ओळखायचे, आत बोलवायचे, पाणी द्यायचे, आणि म्हणायचे, "साहेब, त्या लोकांना तुम्ही स्टे मिळवून दिला होता. आमचंही तेवढं बघा ना!" एकदा एका जिन्यात ते हे ऐकून खालच्या पायरीवर बसले आणि मला म्हणाले, "हे माझाच स्टे माझ्या तोंडावर मारतात... आणि मारतोय हे यांना माहीतही नाही."

रेखाची इमारत त्या यादीतली. अकरा कुटुंबं. रेखाचा नवरा अनिल टेम्पो चालवतो, ती घरी जीन्स शिवते, दोन मुली. तिच्या छताला स्वयंपाकघराच्या बाजूला सळया उघड्या पडल्या होत्या आणि त्यावर तिने जुन्या साडीचा पडदा बांधला होता, जेवणात सिमेंट पडू नये म्हणून. दादांनी तिला निघायला सांगितलं तेव्हा ती चिडली नाही. तिने सरळ विचारलं, "साहेब, त्या पडलेल्या इमारतीतले बाकीचे सगळे वाचले. त्यांना घर मिळालं? एक जण बदलापूर गावात भाड्याने आहे, एक लांब जांभूळ गावात आहे, जीतूभाई सासऱ्याकडे. खोली सोडली की कागदावरचं नाव जातं. तुम्ही वकील आहात, तुम्हीच सांगा, मी खोटं बोलते का?" ती खोटं बोलत नव्हती.

मग ते मंत्रालयात आणि विधानभवनात खेटे घालायला लागले. माजी आमदाराचा पास होता, दारावरचे लोक नमस्कार करत. मी दोनदा बरोबर गेले. दुसऱ्या वेळी एका भल्या कारकुनाने जुनी फाईल शोधून काढली. दादांना दिलेलं ते आश्वासन खरंच नोंदवलेलं होतं. पुढच्या रकान्यात लिहिलं होतं, 'कार्यवाही झाल्यावर कळविण्यात येईल.' दादांनी त्याची प्रत मागून घेतली आणि कारकुनाचे आभार मानले. बाहेर आल्यावर रस्ता ओलांडायला उभे होतो तेव्हा ते म्हणाले, "तीन कलमं होती गो. मागं घेतली नसती तर हरलो असतो. पण हरलो असं लिहिलेलं तरी राहिलं असतं."

सरकार जागा देईना तर त्यांनी स्वतःच द्यायला घेतली. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, आधीच वारल्या होत्या. मोरिवलीच्या घरात दोन कुटुंबं आणून ठेवली, माळ्यावर तिसरं. बदलापूरला राहणारा मुलगा हवालदिल झाला. "बाबा, असं किती जणांना पुरणार आपलं घर?" तो माझ्यासमोरच विचारत होता. दादा म्हणाले, "तिघांना पुरला." ओळखीपाळखीच्या माणसांना गळ घालून त्यांनी आणखी चार कुटुंबं हलवली. प्रत्येकाचा मूळ खोलीवरचा हक्क राहावा म्हणून आम्ही स्वतंत्र कागद केले, वाचून दाखवले, महापालिकेत शिक्का मारून घेतला. सात गेली. चार उरली. त्यांचा ना माझ्या कागदावर विश्वास होता, ना शिक्क्यावर, आणि त्यांना दोष कसा द्यायचा?

या जूनमध्ये, पाऊस लागायच्या आधी, दादा एक पिशवी, सतरंजी आणि औषधांचा डबा घेऊन त्या इमारतीत राहायला गेले. रेखाच्या शेजारची रिकामी खोली. चारही घरांना सांगितलं, "मी इथं राहतो. तुम्ही निघाल त्या दिवशी निघीन." मला कळलं तेव्हा मी धावतच गेले. त्यांच्याशी मी आयुष्यात एकदाच भांडले, ते त्या खोलीत. म्हटलं, दादा, ही जबरदस्ती आहे, तुम्ही यांच्या मनावर दडपण आणताय. ते म्हणाले, "हाय ना. दडपणच हाय." मी म्हटलं, आणि पडली तर? त्यांनी छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तर मेलेल्यांच्या यादीत माझा पन नाव असंल," ते म्हणाले. इतक्या शांतपणे म्हणाले की मला त्यांची भीती वाटली. ते लोकांना वाचवायला आले होते की स्वतःला शिक्षा करायला, हे तेव्हाही मला कळलं नाही, आणि त्यांनाही ते नक्की माहीत असेल असं वाटत नाही.

जुलैत दोन कुटुंबं निघाली. म्हाताऱ्या माणसाचे हाल बघवत नाहीत म्हणून निघाली, इमारतीच्या भीतीने नव्हे. रेखा आणि वरच्या मजल्यावरचं एक कुटुंब, एवढंच उरलं. रेखा दादांना दोन वेळा जेवण द्यायची आणि रोज भांडायची. "माझ्या डोक्यावर पाप नका चढवू, साहेब, घरी जा." ते म्हणायचे, "तू सामान बांध, मी पन बांधतो." माझी त्यांची शेवटची भेट ऑगस्टमधली. खोलीत तीन ठिकाणी गळत होतं, तीन ठिकाणी भांडी ठेवलेली. ते भिंतीला टेकून बसले होते, धाप लागत होती. मी डॉक्टरकडे चला म्हटलं. त्यांनी उलट मलाच विचारलं, "आता कुनी स्टेला आला तर तू काय करशील, मंगल?" मी म्हटलं, नाही घेणार. त्यांनी मान हलवली. "मग तो कुठं उभा राहील?" मी भरलेलं एक भांडं उचलून खिडकीबाहेर ओतलं. ते म्हणाले, "मना पन नाय सापडला." त्यानंतर अकरा दिवसांनी रेखाचा फोन आला.

मोरिवलीला नेलं तेव्हा रस्ता माणसांनी भरला होता. जीतू आला होता, त्याने खांदा दिला. भाषणं झाली. गरिबांचा वकील, घरांचा रक्षणकर्ता, हेच सगळे म्हणाले. घरं सोडा म्हणून सांगत फिरलेल्या शेवटच्या सात वर्षांबद्दल कुणी बोललं नाही. माझं नाव पुकारलं होतं, मी हात जोडले आणि बसून राहिले.

दहा दिवसांनी रेखा आणि अनिल माझ्या ऑफिसात आले. महापालिकेने इमारतीचं पाणी आणि वीज तोडली होती. आता स्टे हवा होता. अनिल बोलत होता, रेखा खाली बघत होती. मी त्यांना माझ्या घरातली वरची खोली देऊ केली. मुलींची शाळा, मशीन, माल आणून देणारा माणूस, सगळ्याचा विचार करू म्हटलं. रेखा म्हणाली, "साहेब असते तर त्यांनी मिळवून दिला असता का, मॅडम?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "पण त्यांनीच तर दिला होता ना, त्या लोकांना." मी दावा घेतला नाही. त्यांनी दुसरा वकील केला. चांगला, हुशार मुलगा आहे, माझ्याच ओळखीतला. पाणी तोडण्याआधी नोटीस दिली नव्हती, हा मुद्दा त्याने नेमका धरला. चार दिवसांत स्टे मिळाला. कायद्याने पाहिलं तर हुकूम बरोबर आहे. मी वाचला.

मागच्या रविवारी मी तिथे गेले. पाणी आलं होतं, वीज आली होती. रेखाच्या घरातून मशीनचा आवाज येत होता. ती उठून आली, मला पेढा दिला. मी तो हातात धरून उभी राहिले. मुली दिसत नव्हत्या म्हणून विचारलं, तर म्हणाली, "शेजारच्या खोलीत आहेत, साहेबांच्या. तिथे उजेड चांगला येतो ना, अभ्यासाला बसतात."

मी दार ढकललं. दादांची सतरंजी अंथरलेली होती आणि तिच्यावर दोघी पालथ्या पडून लिहीत होत्या. वर छताला एक नवी चीर गेली होती, खिडकीपासून निघून बरोबर मध्यापर्यंत. मी म्हटलं, "पोरींनो, बाहेर या. घरात बसा." मोठीने मान वर न करता सांगितलं, "घरात मशीनचा आवाज येतो, मावशी. थोडंच राहिलंय." किती राहिलंय, मी विचारलं. तिने वहीची पानं मोजली. "पाच गणितं."

मला त्यांना हाताला धरून बाहेर काढता आलं असतं. काढून कुठे नेलं असतं? मी चपला दाराशी काढल्या, आत गेले आणि त्यांच्या शेजारी, त्या चिरेच्या खाली बसले. पाचवं गणित चुकलं. तिने खोडरबराने सगळं खोडलं आणि पहिल्यापासून करायला घेतलं.